चमकी: नाकातली, साडीवरची आणि बातमीतली

प्रश्न दुहेरी आहे. सराफाकडे ‘चमकी’ मागितली की तो नाकात घालायचा बारीक खडा दाखवतो. गणपतीच्या मखराचं सामान विकणारा रंगीत चुऱ्याची पुडी पुढे करतो. आणि वर्तमानपत्रात मात्र ‘चमकी ताप’ असतो. मग या शब्दाचा खरा अर्थ कोणता? त्याला जोडून दुसरं: चमकणाऱ्या वस्तूचं वर्णन करताना चमकदार, चकचकीत, लखलखीत, झगमगीत यांतला कोणताही शब्द चालतो का?

दुसऱ्याचं उत्तर एका शब्दात, नाही. पण ते ‘नाही’ समजायला पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करावी लागेल.

‘चमक’ या शब्दात उजेडापेक्षा क्षण महत्त्वाचा आहे. वीज चमकते. वाकून बादली उचलताना पाठीत चमक भरते. मागून कुणी नाव घेतलं की माणूस चमकतो. या तिन्हींत उजेड एकातच आहे, पण अचानक येणं आणि आलं तसं लगेच जाणं तिन्हींत आहे. जिथे प्रकाश टिकून राहतो तिथे मराठीने वेगळी क्रियापदं ठेवली: सूर्य तळपतो, निरांजन तेवतं, कंदील मिणमिणतो. ‘निरांजन चमकतंय’ असं कुणी म्हटलं तर ते पितळेबद्दल बोलतंय असंच घरात समजतील.

नाकातल्या चमकीला हे नाव का शोभतं तेही यावरून कळतं. नथ दुरून आणि सतत दिसते, मोत्यांचा आकारच ओठापर्यंत येतो. चमकी एवढीशी असते. समोरून पाहताना ती लक्षात येईलच असं नाही. मान वळली, एखाद्या पैलूवर उजेड पडला, की ती दिसते आणि विझते.

या अर्थाची चमकी म्हणजे नाकपुडीला टोचून घालायचा, न लोंबणारा, बहुधा एका खड्याचा दागिना. भाग तीन: वर कोंदणात बसवलेला खडा, त्याखाली दांडी, आणि नाकपुडीच्या आतून लावायची फिरकी. काहींना फिरकी नसते, दांडीचं टोकच वळवलेलं असतं आणि ते आतून अडकून बसतं. दांडी सहसा २० गेजच्या आसपास, म्हणजे साधारण ०.८ मिलिमीटर जाड. हिऱ्याची चमकी घ्यायची तर वजन सेंटमध्ये सांगतात. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्याचा शंभरावा भाग एक सेंट. २ मिलिमीटर व्यासाचा गोल पैलूदार हिरा सुमारे ३ सेंटचा भरतो, म्हणजे अवघा ६ मिलिग्रॅम.

‘हिऱ्याची चमकी’ आणि ‘खड्याची चमकी’ यांत फरक करायला हवा, लेखनातही. दुकानात ‘अमेरिकन डायमंड’ म्हणून मिळतो तो खडा क्युबिक झिरकोनियाचा असतो; हिऱ्याशी त्याचा संबंध नावापुरता. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरणारा उजेड किती वाकतो त्याचं माप, २.४२, झिरकोनियाचा २.१५ ते २.१८, साध्या काचेचा १.५ च्या आसपास. काच मलूल दिसते ती यामुळे. पण रंग फाकण्याच्या बाबतीत झिरकोनिया हिऱ्याच्याही पुढे आहे, त्यामुळे त्यात लाल-निळ्या चमका जास्त दिसतात. खडा फार रंगीबेरंगी चमकतोय म्हणून तो अस्सल, हा समज म्हणूनच उलटा आहे.

चमकीची चमक जाते तेव्हा दोष बहुधा खड्याचा नसतो. हिऱ्याच्या पृष्ठभागाला तेल चटकन धरतं, आणि नाकपुडीइतकी तेलकट जागा चेहऱ्यावर दुसरी नाही. त्वचेचं तेल आणि साबण खड्याच्या मागच्या बाजूला साचतात. मागच्या पैलूंवरून परतायचा उजेड तिथेच गळतो. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब, दहा मिनिटं भिजत, मऊ ब्रशने मागून घासणं, एवढं पुरतं. पाठीमागून बंद असलेल्या जुन्या कोंदणात खड्याखाली चकाकता पापुद्रा असतो. ती चमकी पाण्यात बुडवू नये. ओल आत गेली की पापुद्रा काळा पडतो आणि मग खडा कितीही पुसला तरी काळाच दिसतो.

प्रांताप्रमाणे नावं बदलतात. काही भागांत याच दागिन्याला ‘फुली’ म्हणतात. इतरत्र ‘फुली’ म्हटलं की मध्ये एक आणि भोवती खडे अशी फुलाची घडण डोळ्यांपुढे येते. ‘मोरणी’ हाही नाकातलाच दागिना. कथेचा अनुवाद करताना नाकातल्या प्रत्येक दागिन्याला ‘नथ’ लिहून मोकळं होण्याची सवय मात्र वाईट. रोज भाकऱ्या थापणारी, बसने कामावर जाणारी बाई नाकात चमकी घालते. नथ मंगळागौरीला, लग्नाला निघते. एका शब्दाने प्रसंग बदलतो.

आता साडीवरची चमकी. कापडावर शिवतात ती मधोमध भोक असलेली चपटी चकती म्हणजे टिकली. तिलाच कुणी चमकी म्हणतं. ‘टिकली’ हा शब्द आधीच दमलेला आहे: कपाळावरची टिकली, दिवाळीत बंदुकीत फोडायची टिकली, वर ही. म्हणून कपड्याच्या संदर्भात ‘चमकी’ घेणं सोयीचं पडतं. चपटीपेक्षा वाटीसारखी खोलगट टिकली जास्त लुकलुकते, कारण तिच्या कडा वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असतात. प्लॅस्टिकच्या टिकल्यांवरून गरम इस्त्री फिरवली की त्या आक्रसतात. इस्त्री उलट बाजूने, मध्ये सुती कापड ठेवून, मंद. टिकल्यांचं काम आणि जरीचं काम एक समजू नये. जर म्हणजे तार किंवा तिने मढवलेला धागा. ‘भरजरी’ शालूवर एकही टिकली नसली तरी तो भरजरीच, आणि टिकल्यांनी भरलेला घागरा ‘भरजरी’ म्हणणं चूक.

तिसरी चमकी चुऱ्याची. पॉलिस्टरच्या पातळ पापुद्र्यावर ॲल्युमिनियमचा थर चढवतात आणि त्याचे बारीक, बहुतेक षटकोनी तुकडे पाडतात. रांगोळीवर भुरभुरायची, भेटकार्डावर डिंकाने चिकटवायची, मेकअपमध्ये पापण्यांवर लावायची ती हीच. हिला ‘अभ्रक’ म्हणण्याची पद्धत आहे. पूर्वी खरोखर अभ्रकाचा चुरा वापरला जाई आणि आजही काही सौंदर्यप्रसाधनांत असतो, पण पुडीत मिळतं ते बहुतांशी प्लॅस्टिक. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सूक्ष्मप्लॅस्टिकवर जे निर्बंध आणले त्यात ही सुटी प्लॅस्टिकची चमकीही सापडली.

तीन चमक्या वेगळ्या ओळखायला कोश लागत नाही, वाक्यातलं क्रियापद पुरतं. चमकी ‘घातली’ म्हणजे नाकात. चमक्या ‘टाकल्या’ किंवा ‘शिवल्या’ म्हणजे कापडावर. चमकी ‘भुरभुरली’, ‘लावली’ म्हणजे चुरा. वचनही साक्ष देतं: पहिल्या दोन अर्थांत शब्द मोजता येतो आणि अनेकवचन ‘चमक्या’ होतं; चुऱ्याच्या अर्थी तो पीठ, रवा यांसारखा एकवचनीच राहतो. ‘रांगोळीवर चमक्या टाकल्या’ हे म्हणूनच कानाला खटकतं. सामान्यरूप टिकली-टिकल्यांप्रमाणे: चमकीचा, चमक्यांचा.

राहिला ताप. जून २०१९ मध्ये बिहारच्या मुजफ्फरपूरमध्ये शंभरहून अधिक मुलं दगावली, तेव्हा ‘चमकी बुखार’चं अर्धं भाषांतर होऊन मराठी मथळ्यांत ‘चमकी ताप’ आला. तिथल्या बोलीत चमकी म्हणजे अंगाला येणारे झटके. म्हणजे मूळ कल्पना आपल्या पाठीतल्या चमकेपासून लांब नाही. पण मराठीत ‘चमकी’ या नामाला तो अर्थ नाही. वाचकाला ताप ‘चमकदार’ का, हे कळत नाही. मराठीत लहान मुलाला येते ती आकडी किंवा झटके. आजाराचं वैद्यकीय नाव तीव्र मेंदूदाह लक्षणसमूह. बातमीत पहिल्या उल्लेखाला ‘झटके येणारा ताप, ज्याला बिहारमध्ये चमकी म्हणतात’ असं लिहून पुढे ‘मेंदूदाह’ वापरावं.

शरीराच्या संदर्भात नाम ‘चमक’ आहे, अनेकवचन ‘चमका’. ती कळेपेक्षा आखूड. पाठीत उसण भरली तर दिवस-दोन दिवस वाकता येत नाही. चमक येते आणि जाते, पुन्हा तशीच हालचाल केली की पुन्हा येते. रुग्ण ‘चमका मारतात’ म्हणाला तर ते ‘दुखतं’ असं लिहून घेणं म्हणजे डॉक्टरच्या हातातली निम्मी माहिती काढून घेणं.

माणूस चमकतो त्याच्याही दोन वाटा आहेत आणि त्या सोबतच्या शब्दांनी वेगळ्या होतात. ‘ते नाव ऐकून ती चमकली’ यात आश्चर्य किंवा संशय आहे. ‘ती राज्य स्पर्धेत चमकली’ यात यश. दचकणं वेगळं: दचकण्यात अंग हलतं, चमकण्यात फक्त मन हललं तरी चालतं. दार आपटलं की दचकतात; हिशेबात ओळखीची सही दिसली की चमकतात.

आता विशेषणं. इथे गोंधळ जास्त आहे, कारण बहुतेक शब्द नादावरून आलेले आणि दिसायला भावंडं आहेत. निवड करताना आधी विचारायचं: चमकतंय ते ठिपक्याठिपक्यांनी की सलग पृष्ठभाग? ठिपके असतील तर चमचमणं, लुकलुकणं. ओल्या वाळूवर ऊन पडलं की ती चमचमते, लांबचा दिवा लुकलुकतो. तारे लुकलुकतात कारण त्यांचा बिंदूएवढा उजेड हवेच्या थरांत सतत वाकडातिकडा होतो. ग्रहांची छोटी का होईना चकती असते, त्यामुळे ते सहसा लुकलुकत नाहीत. शुक्र ‘लुकलुकत होता’ असं लिहिणाऱ्या लेखकाने बहुधा आकाश पाहिलेलं नसतं.

पृष्ठभाग असेल तर तो कशाचा हे बघायचं. फरशी, स्टील, नवी गाडी, मासिकाचा जाड कागद: चकचकीत. वांगी, तान्ह्या बाळाची कातडी, खरारा केलेला घोडा: तुकतुकीत. टक्कल किंवा नुकतीच घोटून केलेली दाढी: तुळतुळीत, आणि यात चमकेपेक्षा गुळगुळीतपणाच जास्त. पानांना, बुटांना, केसांना तकाकी येते. घासलेली भांडी लख्ख. ‘लख्ख’मध्ये मळ निघून गेल्याचा अर्थ मुरलेला आहे, म्हणून लख्ख ऊन पावसानंतरचं असतं आणि जुना प्रसंग लख्ख आठवतो, चकचकीत आठवत नाही. झगमगाट अनेक दिव्यांचा, शक्यतो रंगीत. झगझगीत उजेड एकाच दिव्याचा असू शकतो आणि त्याने डोळे दिपतात. त्यात थोडा त्रास आहे. ‘जगमगणे’ हे हिंदीतून आलेलं, मराठीत त्याची गरज नाही.

भांड्यांवरून निघालंच आहे तर: तांब्याचा हंडा चिंच-मिठाने घासला की वरचा काळपट थर विरघळून तो लख्ख होतो. बारीक पूड लावून घोटत राहिलं की येते ती झिलई. जुन्या मजकुरात हा शब्द ‘जिल्हई’ असाही भेटतो. हलक्या धातूवर सोन्या-चांदीचा पातळ थर दिला तर मुलामा. आणि कल्हई या तिन्हींत बसत नाही. ती नवसागर टाकून तापलेल्या भांड्याला आतून दिलेली कथलाची परत असते. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळतं, म्हणून कापसाच्या बोळ्याने ते फिरवता येतं. कल्हई शोभेसाठी करत नाहीत, आंबट पदार्थ कळकू नये म्हणून करतात. ‘कल्हई करून भांड्याला झिलई आणली’ हे वाक्य कल्हईवाल्याला हसवेल.

झळकणं आणि झळाळणं हा आणखी वेगळा वर्ग. यात वस्तू स्वतः शांत असते आणि तिचं तेज तिच्याभोवती पसरतं. गणपतीच्या आरतीत ‘कंठी झळके माळ मुक्ताफळांची’ आहे, चमके नाही. मोत्याला पैलू नसतात, उजेड त्याच्या थरांतून मऊ होऊन परततो. तिथे ‘चमके’ घातलं असतं तर मोत्यांची माळ काचेची झाली असती. पुढे या क्रियापदाला ‘ठळकपणे दिसणं’ हा अर्थ आला. फलक झळकतात, नटी पडद्यावर झळकते, फलंदाज शतक झळकावतो. सोन्याचे भाव वाढले की ‘सोन्याला झळाळी’ हा मथळा इतक्या वेळा येऊन गेला आहे की त्याचीच झळाळी गेली.

मोती आणि रत्नांसाठी माझ्या मते सर्वांत नेमका शब्द मात्र ‘पाणी’ आहे. पाणीदार मोती, पाणी उतरलेला मोती. तलवारीला पाणी देतात, माणसाचं पाणी जोखतात. फारसीतही हीच गंमत आहे: ‘आब’ म्हणजे पाणी आणि तेजही. आपण ‘आब राखून वागतो’ तो आब तोच. ‘अब्रू’ म्हणजे मूळ आब-रू, चेहऱ्याचं पाणी. अब्रू गेली की तोंडावरचं पाणी गेलं, हे त्या शब्दातच लिहिलेलं आहे. इथे सापळा एकच: पाणीदार डोळे तेजस्वी असतात, पाणावलेले डोळे रडवेले. घाईत दोन्हींची अदलाबदल होते आणि नायिका कारण नसताना रडू लागते.

दुसऱ्या टोकाला चमकेची टर उडवणारे शब्द आहेत. बेगड म्हणजे सजावटीचा रंगीत, चकाकता कागदासारखा पत्रा. त्यावरून आलेलं ‘बेगडी’ आता फक्त शिवी म्हणून उरलं आहे. बेगडी माया, बेगडी देशप्रेम. मखराला बेगड लावा, पण त्या मखराला ‘बेगडी’ म्हणू नका. अलीकडचं ‘चमकोगिरी’ त्याच जातीचं: काम दुसऱ्याचं, फलकावर फोटो आपला. लेखनात ते खुशाल वापरावं, त्याला सभ्य पर्याय शोधत बसू नये. ‘प्रसिद्धीलोलुपता’ म्हटल्याने तो फोटो दिसत नाही.

‘चमकदार’ चूक नाही. पण तो कोणत्याही नामाला लावता येतो, म्हणून काहीच सांगत नाही. चमकदार केस, चमकदार दात, चमकदार कामगिरी: लिहून झाल्यावर हा शब्द शोधावा आणि प्रत्येक ठिकाणी वस्तू डोळ्यांपुढे आणावी. केसांना तकाकी असते, दात शुभ्र असतात, कामगिरी सरस असते. खरोखर क्षणभर लकाकून जाणारं काही असेल, माशाची पाठ, विळ्याचं पातं, तर तिथे विशेषणापेक्षा क्रियापद बरं: मासा वळला तशी त्याची पाठ लकाकली.

सर्वांत हास्यास्पद चुका ‘चमचमीत’ने होतात. चमचमणारी साडी असते, चमचमीत मिसळ. शब्दांचा नाद एक, पण चमचमीतचा संबंध जिभेशी आहे. ‘चमचमीत पोशाखातील अभिनेत्री’ हे छापलं जातं, आणि वाचकाला तिखट लागल्यासारखं होतं. फुलबाजीच्या वर्णनात हल्ली ‘चमचमते तारे’ निघतात. तिच्यातून उडतात त्या ठिणग्या, लाडाने म्हणायचं तर फुलं, आणि जिथे तिला ‘तडतडी’ म्हणतात तिथे तर आवाजही नावात आहे. बाटलीबंद फसफसत्या पाण्याला ‘चमकतं पाणी’ म्हणणारी यांत्रिक भाषांतरंही बाजारात आहेत. ते पाणी म्हणजे सोडा, आणि त्याच धर्तीची वाइन ‘फेसाळती’. तिथे चमकायला काही नाही, फक्त बुडबुडे आहेत.